घर विकायला काढलंय? मग ही जबाबदारी तुमची!

घराची किंमत बाबा ठरवतील, एजंटशी आई बोलेल. पण बघायला येणाऱ्या माणसाला तुमचं घर कसं दिसेल, हे तुमच्या हातात आहे. फार खर्च न करता आणि काहीही न लपवता घर विक्रीसाठी कसं तयार करायचं, त्याची ही उजळणी.

घर विकायचं ठरलं की घरात काय होतं, ते तुम्ही पाहिलं असेल. बाबा ओळखीच्या एजंटला फोन लावतात. आई म्हणते, "दसऱ्यापर्यंत थांबू या का?" मामा सांगतो, "समोरच्या विंगमधला फ्लॅट बघा केवढ्याला गेला, तुम्ही कमी करू नका." आजीला तर विषयच नको असतो. आणि तुम्ही? तुम्हाला कुणी विचारतच नाही. फार तर "रविवारी लोक बघायला येणारेत, तुझी खोली आवर" एवढाच आदेश येतो.

पण जरा थांबा. घर विकायला काढण्यामागे सहसा काहीतरी मोठं कारण असतं. बाबांची निवृत्ती, कुणाचं आजारपण, डोक्यावरचं कर्ज, आणि हो, कदाचित तुमची किंवा ताईची पुढची फीसुद्धा. बहुतेक घरांसाठी हा आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार असतो. त्यात एक-दोन लाख इकडेतिकडे झाले तर ते कुणाच्या तरी वर्षाच्या फीचे पैसे असतात. मग "आवर तुझी खोली" याच्या पुढे जाऊन तुम्ही काय करू शकता? खरं तर बरंच काही.

सॅम्पल फ्लॅट आठवतोय?

आईबाबांबरोबर एखाद्या नव्या प्रोजेक्टचा सॅम्पल फ्लॅट तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. आत शिरताच 'वॉव' वाटतं. आता पुढच्या वेळी नीट बघा. कपाटं कमी असतात, खोल्यांना कधी कधी दारंच नसतात, मोक्याच्या भिंतीवर मोठा आरसा असतो, दिवे सगळे चालू असतात. पलंगसुद्धा कधी कधी नेहमीपेक्षा आखूड असतो. तिथे बादली नाही, इस्त्रीचे कपडे नाहीत, फ्रीजवर औषधांचा डबा नाही. म्हणून खोली मोठी वाटते.

राहतं घर विकण्याआधी असं मांडून दाखवण्याला 'होम स्टेजिंग' म्हणतात. अमेरिकेत सिएटलच्या परिसरात घरविक्रीचं काम करणाऱ्या बार्ब श्वार्झ यांनी 1972 च्या सुमाराला ही पद्धत सुरू केली असं मानलं जातं. तिकडे आज हा चक्क व्यवसाय आहे. भाड्याने फर्निचर आणून रिकामी घरं सजवली जातात. आपल्याकडे डोंबिवलीतल्या किंवा कोथरूडमधल्या वन बीएचकेसाठी कुणी भाड्याचा सोफा आणणार नाही, आणि त्याची गरजही नाही. आपल्याला त्यातल्या दोनच गोष्टी घ्यायच्या आहेत. घर मोकळं दिसलं पाहिजे आणि नीट राखलेलं दिसलं पाहिजे.

आखूड पलंगासारख्या युक्त्या मात्र बिल्डरकडेच राहू द्या. तुमच्याकडे येणारा माणूस बहुतेक वेळा वीस वर्षांचं कर्ज काढून येतोय. त्याला घर आवडलं पाहिजे, तसं ते खरंही असलं पाहिजे.

पाहुणे बनून या

पहिलं काम फुकटातलं आहे. मोबाइल काढा, व्हिडिओ सुरू करा आणि सोसायटीच्या गेटपासून चालत आपल्या घरी या. आपण रोज जे बघतो ते आपल्याला दिसेनासं होतं. व्हिडिओत मात्र सगळं उघडं पडतं. जिन्यातला चपलांचा ढीग, वाजता वाजता अडकणारी बेल, उडालेल्या अक्षरांची नावाची पाटी, दार उघडताच समोर येणारं वाळत घातलेल्या कपड्यांचं स्टँड.

मग हा व्हिडिओ सगळ्यांनी एकत्र बसून बघा. "आई, तू पसारा घालतेस" असं म्हणण्यापेक्षा हे कितीतरी बरं. व्हिडिओ बघून आई स्वतःच म्हणेल, "अगंबाई, हे असं दिसतं?"

पसारा आणि वाटाघाटी

आता सगळ्यात अवघड भाग. आपल्या घरांमध्ये 'लागेल कधीतरी' नावाचं एक कलम असतं. त्याखाली श्रीखंडाचे रिकामे डबे, जुन्या मिक्सरचं भांडं, तुमची पाचवीची वह्या-पुस्तकं, बंद पडलेला प्रिंटर असं सगळं येतं. माळा भरलेला, पलंगाचा बॉक्स भरलेला, ड्राय बाल्कनीत पाय ठेवायला जागा नाही.

एका दिवसात सगळं घर उपसायला जाऊ नका, भांडणं होतील. एका दिवशी एकच कपाट किंवा एकच खोली घ्या. चार ढीग करा: नव्या घरी न्यायचं, कुणाला तरी द्यायचं, भंगारात टाकायचं आणि अजून ठरत नाही. चौथा ढीग महत्त्वाचा आहे. तो असला की कुणाला धक्का न लागता काम पुढे सरकतं. आणि नियम एकच, दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय टाकायची नाही. आजीच्या ट्रंकेतलं नऊवार तुमच्यासाठी जुनं कापड असेल, तिच्यासाठी नाही. ती ट्रंक काही दिवस काकांकडे ठेवता येते.

नव्या घरी न्यायच्या वस्तू आत्ताच खोक्यांत भरायला घ्या, नाहीतरी त्या बांधायच्याच आहेत. फक्त ती खोकी बेडरूमच्या कोपऱ्यात रचू नका. खोली लहान दिसली तर केलेली मेहनत वाया गेली. खिडकीपुढचं कपाट हलवता येत असेल तर हलवा, कारण उजेडाइतकी स्वस्त सजावट दुसरी नाही. दाराच्या मागे, टीव्हीच्या बाजूला, ओट्यावर जितकी मोकळी जागा दिसेल तितकं घर मोठं वाटतं. ओट्यावर शेगडी आणि एक-दोन रोजच्या वस्तू पुरे.

देवघर काढायची गरज नाही. राहतं घर राहतंच दिसलं पाहिजे. भिंतीवरचे घरच्यांचे फोटो मात्र थोडे कमी करा. बघायला आलेल्या ताईंना तिथे स्वतःचा संसार डोळ्यांपुढे आणायचा असतो.

वॉशर, बल्ब आणि बिजागरी

ठिबकणारा नळ बघून माणूस नळाचा विचार करत नाही. तो विचार करतो, "यांनी घराकडे लक्षच दिलेलं नाही, मग आत अजून काय काय असेल?" म्हणून लहान दुरुस्त्या आधी.

एक वही घ्या आणि खोलीप्रमाणे यादी करा. गळणारे नळ (बऱ्याचदा फक्त वॉशर बदलावा लागतो), न लागणारी कडी, कुरकुरणारी बिजागरी, गेलेले बल्ब, सैल झालेले स्विच, अडकणारी किचन ट्रॉली, फाटलेली खिडकीची जाळी, बाथरूमच्या टाइल्समधले काळे पडलेले जॉइंट. यातलं अर्धं काम तुम्ही एका शनिवारी करू शकता. विजेचं काम मात्र इलेक्ट्रिशियनलाच करू द्या.

वासाचंही असंच आहे. कमी वापरातल्या बाथरूममध्ये दुर्गंधी येत असेल तर बऱ्याचदा कारण साधं असतं. जमिनीतल्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं आणि ड्रेनेजमधला वास सरळ वर येतो. दोन तांबे पाणी ओता, वास थांबतो. कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास घालवायला कपाटं दोन दिवस उघडी ठेवा. उदबत्त्या आणि रूम फ्रेशनरचा मारा करू नका. फार सुगंध आला की लोकांना वाटतं, काहीतरी झाकलंय.

आणि खर्च कुठे करायचा नाही? नवं मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, महागड्या टाइल्स. घेणारा बहुतेक वेळा स्वतःच्या आवडीने हे सगळं बदलतो. तुमचे पैसे मात्र गेलेले असतात. भिंती फारच मळल्या असतील तर फिकट, साधा रंग द्या. जांभळी ॲक्सेंट वॉल तुमची कितीही लाडकी असली तरी तिला निरोप द्या.

ओल: रंग मारायचा की सांगायचं?

आता खरी परीक्षा. हॉलच्या कोपऱ्यात ओल आहे, रंगाचे पोपडे निघालेत. कुणीतरी म्हणतंच, "पुट्टी भरून एक हात मारून घ्या. पावसाळा यायच्या आत व्यवहार होऊन जाईल." घरातलं हे संभाषण तुमच्या कानावर आलं तर गप्प बसू नका.

एक तर हे टिकत नाही. भिंतीत पाणी असेल तर रंग पुन्हा फुगतो, पांढरी क्षारांची पावडर बाहेर येते. आणि घर घेणारे आता सोबत माहितीतला कॉन्ट्रॅक्टर घेऊन येतात. अख्ख्या हॉलचा रंग जुना आणि कोपऱ्यातला तेवढाच पॅच नवा, हे त्याच्या पहिल्या नजरेत येतं. त्यानंतर तुमच्या घराबद्दलचं खरं बोलणंही कुणाला खरं वाटत नाही.

दुसरं, हा कायद्याचाही प्रश्न आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 55 सांगतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर विकणाऱ्याने त्याला माहीत असलेला मोठा दोष घेणाऱ्याला सांगायला हवा. घेणाऱ्याला तो माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊनही सापडणार नसेल, तर तो लपवणं ही फसवणूक धरली जाते. हा नियम मालकी हक्कातल्या दोषालाही लागू आहे.

मग करायचं काय? आधी कारण शोधा. पारदर्शक प्लास्टिकचा एक तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि 24 तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमलं तर खोलीतल्या दमट हवेचा प्रश्न आहे. ओल वरच्या मजल्याच्या बाथरूममधून येतेय, बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून की गच्चीतून, हे प्लंबरला दाखवून घ्या. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची आणि बाहेरच्या भिंतीची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे. फ्लॅटच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंकमधली गळती फ्लॅटधारकाने दुरुस्त करायची असते. म्हणजे बाहेरच्या भेगेसाठी बाबांनी खिशातून पैसे घालण्याआधी सेक्रेटरींना लेखी अर्ज द्यायला हवा. तो अर्ज टाइप करून द्यायचं काम तुमचं.

दुरुस्ती झाली तर बिल आणि आधी-नंतरचे फोटो जपून ठेवा. घर बघायला आलेल्यांना तेच दाखवा. "इथे ओल होती, हे काम केलंय, हा त्याचा पुरावा" असं सांगणाऱ्या घरावर लोक विश्वास ठेवतात. दुरुस्ती शक्य नसेल तर तसं सांगून भावात थोडं कमी घ्या. व्यवहार झाल्यावर येणाऱ्या वकिलाच्या नोटिशीपेक्षा ते स्वस्तच पडतं.

फोटोचं खातं तुमच्याकडे

आज घर बघण्याची सुरुवात मोबाइलवरच होते. फोटोत आवडलं नाही तर माणूस येतच नाही. आणि घरातला सगळ्यात चांगला फोटोग्राफर तुम्हीच आहात. मग हे एवढं करा:

• फोटो दिवसा, उजेड भरपूर असताना काढा. पश्चिमेकडचा हॉल दुपारनंतर, पूर्वेकडची बेडरूम सकाळी. पडदे उघडे, दिवे चालू.

• फोन आडवा धरा, साधारण छातीच्या उंचीवर. खोलीच्या कोपऱ्यात उभे राहा. लेन्स आधी रुमालाने पुसा.

• 0.5 एक्सच्या मोहात पडू नका. त्यात दहा बाय दहाची खोली वाड्यातल्या चौकासारखी दिसते. येऊन बघणारा दारातच नाराज होतो.

• आरशात तुम्ही दिसत नाही ना, बादली-झाडू फ्रेममध्ये नाहीत ना, कमोडचं झाकण बंद आहे ना, ते बघा.

• खिडकीबाहेरचं दृश्य, पार्किंग, लिफ्ट यांचेही फोटो घ्या. साधा मोबाइलवर काढलेला प्लॅनही द्या.

आणि एआय? रिकाम्या खोलीत एआयने सोफा ठेवून दाखवलात तर फोटोखाली तसं स्पष्ट लिहा. भिंतीवरची भेग किंवा खिडकीसमोरचा टॉवर एआयने पुसणं म्हणजे पुट्टी मारण्याचाच नवा प्रकार झाला.

जाहिरातीत क्षेत्रफळ लिहिताना कार्पेट एरिया लिहा. जुन्या करारांमध्ये बिल्टअप किंवा सुपर बिल्टअपचे आकडे असतात, त्यामुळे घोळ होतो. करारात चौरस मीटर असेल तर 10.76 ने गुणा, चौरस फूट मिळतील.

ऑनलाइन टाकताना सावध

जाहिरातीत फ्लॅट नंबर टाकू नका. फोटोत कपाटातली लॉकर, भिंतीवरची कॅलेंडरं, टेबलावरचे बँकेचे कागद येऊ देऊ नका. कागदपत्रांचे स्कॅन कुणालाही व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

आणि हा फोन कधीतरी येतोच. समोरचा स्वतःला लष्करातला अधिकारी किंवा परगावी बदली झालेला म्हणवतो, घर न बघताच "टोकन पाठवतो" म्हणतो आणि एक क्यूआर कोड पाठवतो. आईबाबांना ठामपणे सांगून ठेवा: पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

एक फाइल, नीट लावलेली

स्वच्छ घराइतकाच परिणाम स्वच्छ फाइलचा होतो. बिल्डरपासून आतापर्यंतचे सगळे करार, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, मालमत्ता कराची पावती, मेंटेनन्सची पावती, लाइट बिल. कर्ज चालू असेल तर बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि बँकेकडे ठेवलेल्या मूळ कागदांची यादी. घेणाऱ्याला कर्ज काढायचं असेल तर त्याची बँक हेच मागणार.

ही फाइल घर दाखवायच्या आधी लावा. कारण कधी कधी तिथेच कळतं की फ्लॅट अजून आजोबांच्या नावावर आहे. मग वारसांची नावं लागायला, आत्या-काकांच्या सह्या व्हायला महिने जातात आणि हातातला ग्राहक जातो. असं असेल तर रंगाऱ्याच्या आधी वकिलाला फोन करा.

फाइलच्या वर एक पान तुम्ही टाइप करून ठेवा. पाणी किती वाजता येतं, मेंटेनन्स किती, पार्किंग कुठलं, लिफ्टला बॅकअप आहे का, इमारत कधीची. शेवटी घरासोबत काय राहणार आणि काय जाणार, तेही लिहा: पंखे, गीझर, एसी, ट्रॉल्या, ग्रिल, पडद्यांचे रॉड. लाखोंचे व्यवहार दोन पंख्यांवरून कडू होतात.

लोक येतात त्या दिवशी

लोक येण्याच्या अर्धा तास आधी खिडक्या उघडा, दिवे लावा, कचरा बाहेर ठेवा. बोंबील तळायचा बेत संध्याकाळवर ढकला. सोनंनाणं, कागदपत्रं, औषधं कुलपात ठेवा. घरात कुत्रा असेल तर त्याला फिरवायला न्या.

आलेल्यांना पाणी द्या आणि मग त्यांना मोकळं सोडा. आठ माणसं मागे मागे फिरत असतील तर कुणालाही घर मोठं वाटत नाही. बोलायला घरातलं एकच माणूस ठेवा. नळ सोडून बघू द्या, खिडक्या उघडू द्या, कपाटाखाली डोकावू द्या. "आम्हाला दिवाळीच्या आत विकायचंच आहे" हे मात्र कुणीही बोलून जायचं नाही, धाकट्यालाही आधी बजावून ठेवा. एखादी गोष्ट माहीत नसेल तर ठोकून देऊ नका, "विचारून सांगतो" म्हणा आणि त्याच दिवशी सांगा.

आजी त्या दिवशी गप्प गप्प असेल तर तिच्याजवळ बसा. घर दाखवण्याच्या गडबडीत हे काम यादीत लिहायचं राहून जातं. जमलं तर तिलाच विचारा, "आजी, या घरातलं सगळ्यात चांगलं काय?" ती सांगेल, दुपारी स्वयंपाकघरात उजेड छान येतो किंवा शेजारच्या काकू हाकेला धावून येतात. ही माहिती कुठल्याही जाहिरातीत नसते आणि घेणाऱ्याला ती ऐकायला आवडते.

तर पुढच्या रविवारची वाट बघू नका. मोबाइल चार्ज करा, खाली गेटपाशी जा आणि व्हिडिओ सुरू करा. पहिली यादी आज रात्रीपर्यंत तयार होईल.